मायक्रोस्कोपच्या आधी खोली, वीज आणि माणूस: सोलापुरातील उपकरण खरेदी समित्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापुरातील विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालये आणि विज्ञान महाविद्यालये यांच्या उपकरण खरेदी समित्यांचे सर्व सदस्य

विषय: मेंदूच्या संशोधनासाठी घेतल्या जाणाऱ्या इमेजिंग मायक्रोस्कोपचे तपशील, जागा आणि मनुष्यबळ याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

आम्ही मेंदूचे काप घेणारे, ते रंगवणारे आणि मायक्रोस्कोपखाली त्यांची चित्रे काढणारे संशोधक आणि तंत्रज्ञ आहोत. निधी मंजूर होतो, ३१ मार्चच्या आत तो खर्ची पडला पाहिजे म्हणून घाईने कोटेशन मागवली जातात, तुलनात्मक तक्ता होतो, सर्वात कमी दराला ऑर्डर जाते. खोली कुठली, वायरिंग कसे, एसी किती टनाचा आणि यंत्र चालवणार कोण, हे प्रश्न खोका दारात येऊन पडल्यावर सुरू होतात. हा क्रम उलटा करा, एवढीच आमची मागणी आहे. मेंदूच्या कामात चित्र बिघडते ते बहुतेक वेळा मायक्रोस्कोपमध्ये बिघडत नाही. ते त्याच्या आधीच बिघडलेले असते: नमुन्यात, काचेत, तेलात, विजेत. पुढे जे लिहिले आहे ते निविदेचा मसुदा करताना शेजारी ठेवावे म्हणून लिहिले आहे.

आधी हे काम यंत्राकडून किती मागते ते सांगतो. मज्जापेशीच्या फांद्यांवर जे बारीक काटे असतात, ज्यांना आम्ही स्पाइन म्हणतो, त्यांचे डोके साधारण ०.५ ते १ मायक्रॉनचे असते आणि मान ०.१ ते ०.२ मायक्रॉनची. ऑब्जेक्टिव्ह म्हणजे नमुन्याकडचे भिंग, आणि न्यूमरिकल ॲपर्चर म्हणजे त्याची प्रकाश गोळा करण्याची क्षमता. भिंग आणि काच यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवून वापरायचे उत्तम ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे १.४ न्यूमरिकल ॲपर्चरचे, हिरव्या प्रकाशात दोन बिंदू वेगळे दाखवते ते जास्तीत जास्त ०.१९ मायक्रॉनपर्यंत. नमुन्यात खोल जाणाऱ्या उभ्या दिशेने ही क्षमता तीन-चार पटींनी कमी होते. म्हणजे स्पाइनची मान मुळात मर्यादेवरच उभी आहे. दोन मज्जापेशी जिथे जुळतात त्या सिनॅप्समधली फट तर सुमारे २० नॅनोमीटरची, ती साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला दिसतच नाही. माहितीपत्रकात ‘सिनॅप्स पाहा’ असे लिहिलेले असते त्याचा खरा अर्थ दोन रंगांचे ठिपके जवळजवळ दिसतात, इतकाच. एरवी रक्ताच्या किंवा वनस्पतीच्या स्लाइडवर खपून जाणारी चूक इथे निष्कर्षच बदलते.

आता काच. ऑब्जेक्टिव्हच्या अंगावर ०.१७ असे कोरलेले असते, ती कव्हरस्लिपची, म्हणजे नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेची, मिलिमीटरमधली जाडी आहे. ही जाडी १.५ क्रमांकाच्या कव्हरस्लिपची. आपल्याकडे साठ्यात सहसा १ क्रमांकाची असते, ०.१३ ते ०.१६ मिलिमीटरची, कारण ती स्वस्त मिळते आणि इंडेंटमध्ये, म्हणजे मागणीपत्रात, क्रमांक लिहायची पद्धत नाही. तेलाच्या ऑब्जेक्टिव्हला हा फरक थोडाफार चालतो, कारण तेल आणि काच यांचा अपवर्तनांक जवळपास सारखा. पण ४० एक्सचे ०.९५ ॲपर्चरचे कोरडे ऑब्जेक्टिव्ह घेतले आणि वर पातळ काच बसवली, तर प्रत्येक ठिपक्याभोवती धुके दिसते. दोष यंत्राचा समजून इंजिनिअरला बोलावले जाते. त्याला यायला आठवडा लागतो, आणि तो येऊन काच बदलतो. कव्हरस्लिपच्या इंडेंटमध्ये ‘क्रमांक १.५, जाडी ०.१७ मिलिमीटर, फरक ०.००५ मिलिमीटरच्या आत’ ही एक ओळ घातली तर हे सगळे टळते.

तेलाचे गणित सोलापुरात वेगळे करावे लागते. नेहमीच्या इमर्शन ऑइलचा अपवर्तनांक १.५१८ असतो, तो २३ अंश सेल्सिअसला. दर अंशाला तो साधारण ०.०००४ ने उतरतो. मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ वर असतो. एसी बंद असलेल्या खोलीत दुपारी ३८ अंश झाले, तर तोच आकडा १.५१२ च्या आसपास येतो. काप जसजसा खोल बघाल तसतसे चित्र फिके आणि लांबट होत जाते, आणि सकाळची चित्रे व दुपारची चित्रे एकाच प्राण्याची असूनही जुळत नाहीत. उपाय दोनच: खोली दिवसरात्र २३-२४ अंशांवर ठेवा, किंवा त्या तापमानासाठी बनवलेले तेल घ्या. दोन कंपन्यांची तेले एकमेकांत मिसळू नका, ती गढूळ होतात. सिडारवुड ऑइल तर या यंत्रांजवळ आणूच नये, ते वाळून लेन्सवर कडक होते.

एक नुकसान इतके नित्याचे आहे की ते जवळून दाखवायला हवे. विद्यार्थी १०० एक्सचे तेलाचे ऑब्जेक्टिव्ह लावतो, स्लाइडवर तेलाचा थेंब असतो, आणि मग जरा मोठा भाग बघावा म्हणून तो नोजपीस, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह बसवलेली फिरती चकती, उलटा फिरवतो. शेजारी ४० एक्सचे कोरडे ऑब्जेक्टिव्ह असते. त्याचे तोंड स्लाइडपासून अर्ध्या मिलिमीटरवर, ते सरळ त्या तेलातून सरकते. चित्र धूसर होते. विद्यार्थ्याला वाटते फोकस गेला. तो रुमालाने लेन्स पुसतो, रुमालात धूळ असतेच, लेन्सवर ओरखडे उमटतात. तेल मात्र कडेच्या फटीतून आत गेलेले असते. वर्षभरात प्रत्येक शिकाऊ मायक्रोस्कोपचे ४० एक्स असेच मरते. तेल एकदा लावले की ४० एक्सकडे परत जायचे नाही. आधी स्टेज खाली, स्लाइड बाहेर, तेल पुसायचे. पुसायला फक्त लेन्स टिश्यू, त्यावर शुद्ध अल्कोहोलचा एक थेंब, एकाच दिशेने एक हलका फटकारा, मग नवा तुकडा. आयपीस काढून उलटी धरली की तिचे भिंग होते. त्यातून ऑब्जेक्टिव्हचे तोंड पाहिले की डाग उरला की गेला हे लगेच कळते. नोजपीसवर तेलाच्या ऑब्जेक्टिव्हच्या शेजारची एक जागा रिकामी ठेवता येते. ती ठेवावी, अशी आमची स्पष्ट शिफारस आहे.

खोलीकडे येतो. तळमजला हवा. वरच्या मजल्यावर लिफ्ट, जिना, पंखे यांचा कंप पोचतो आणि ६० एक्सवर तो चित्रात दिसतो. पूर्व भागात यंत्रमाग ज्या वस्तीत चालतात तिथल्या इमारतीत, किंवा रेल्वेमार्गाला लागून असलेल्या इमारतीत, आधी कंप मोजूनच जागा ठरवावी. चादरी आणि टॉवेल यांच्या गावात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: सुताची तूस. पांढऱ्या कापडाला आणि धुण्याच्या पावडरीला उजळपणा देणारी रसायने जंबुपार प्रकाशात निळी चमकतात. पेशीकेंद्रके दाखवणारा डॅपी रंगही निळाच. त्यामुळे ॲप्रनचा किंवा टेबल पुसायच्या टॉवेलचा एक धागा कापावर पडला की निळ्या चॅनेलमध्ये, म्हणजे फक्त निळा प्रकाश टिपलेल्या चित्रात, लखलखीत दोरी दिसते, आणि केंद्रके मोजणारे सॉफ्टवेअर तिलाही मोजते. माउंटिंगच्या टेबलावर सुती कापड नको. बिनतूस टिश्यू ठेवा, आणि काच बसवण्याआधी स्लाइडवर रबरी फुग्याने हवा मारा.

एसीचा झोत थेट मायक्रोस्कोपवर येऊ नये. धातू आकुंचन-प्रसरण पावतो, फोकस सरकतो, आणि तासभराच्या चित्रणात पेशी हळूहळू चित्रातून निघून जाते. दोन एसी हवेत, आलटून पालटून चालणारे, कारण एकच असला की तो नेमका उन्हाळ्यात बंद पडतो. संध्याकाळी कार्यालय सुटताना मेन स्विच पाडायची जी सवय आहे ती या खोलीपुरती मोडावी लागेल. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की लेन्समध्ये बुरशी धरते. सोलापूरची हवा कोरडी म्हणून आपण निर्धास्त असतो, पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंद कपाटातही बुरशी वाढते आणि काच कायमची खाते. न वापरलेली ऑब्जेक्टिव्ह सिलिका जेलच्या डब्यात ठेवावीत. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये वाळवावे. रोज वापरानंतर यंत्रावर कव्हर घालायचे, पण दिवा थंड झाल्यावरच.

पाण्याबद्दल थोडक्यात. शहराला नळाचे पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे टाकीतले आणि बोअरचे पाणी मिसळते. त्या जड पाण्यात फॉस्फेट बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण, केले की कॅल्शियम फॉस्फेटचा बारीक साका पडतो, आणि तोच पुढे कापावर ठिपके होऊन दिसतो. बफरला दुहेरी ऊर्ध्वपातित पाणीच हवे. ते साठवायला जागा आणि टाकी नकाशात आधीच दाखवा.

विजेने जे नुकसान होते त्यातले बरेचसे दिव्याच्या निवडीतच टाळता येते. १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा मर्क्युरी दिवा २०० ते ३०० तास टिकतो. तो पेटवला की अर्धा तास बंद करायचा नाही, बंद केला की अर्धा तास थंड होऊ द्यायचा आणि मगच पुन्हा पेटवायचा. लाइट जाते, पाच मिनिटांत येते, विद्यार्थी लगेच स्विच दाबतो. अशा प्रत्येक वेळी दिव्याचे आयुष्य घटते, आणि कधी तो आत फुटतो. फुटला तर पारा हवेत जातो, खोली रिकामी करावी लागते. एलईडी प्रकाशस्रोताला हे काहीच लागत नाही, तो क्षणात चालू-बंद होतो आणि २०,००० तासांच्या घरात चालतो. सोलापुरात मर्क्युरी दिव्याचा मायक्रोस्कोप घेणे हे आमच्या मते आज सर्वस्वी अयोग्य आहे, दर कितीही कमी असला तरी. मात्र एलईडीमध्येही एक मेख असते: स्वस्त पांढऱ्या एलईडीत ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचा भाग नसतो, त्याने डॅपी चमकत नाही. निविदेत प्रत्येक रंगाची तरंगलांबी वेगवेगळी लिहून मागा.

यूपीएस ऑनलाइन प्रकाराचाच हवा, घरगुती इन्व्हर्टर चालणार नाही. सर्व उपकरणांचे वॅट मिळवून वर ३० टक्के धरा. अर्ध्या तासाचा बॅकअप पुरे, कारण हेतू काम चालू ठेवण्याचा नसून चित्र सेव्ह करून लेझर आणि संगणक क्रमाने बंद करण्याचा आहे. अर्थिंग स्वतंत्र खड्ड्याचे असावे आणि न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज २ व्होल्टच्या आत असावे. जास्त असेल तर कॅमेऱ्यात आडव्या पट्ट्या येतात आणि लेझरचे कंट्रोलर जळतात. बॅटऱ्या गच्चीवरच्या किंवा जिन्याखालच्या कोंदट खोलीत ठेवल्या जातात, तिथे त्या झपाट्याने मरतात. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मे होते. बॅटरीच्या खोलीत हवा खेळती हवी, आणि बॅटऱ्या बदलण्याची तरतूद दर तीन वर्षांच्या अंदाजपत्रकात हवी.

यानंतर नमुना. समित्यांच्या बैठकीत याचा उल्लेखही होत नाही, आणि आमच्या मते निम्मी रक्कम इथे लागायला हवी. उंदराचा मेंदू घ्यायचा तर आधी हृदयातून सलाइन सोडून रक्त धुवावे लागते. रक्त राहिले की तांबड्या पेशी स्वतःच चमकतात. मग ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७.४. ही पावडर ६० अंशांच्या आसपास, सोडियम हायड्रॉक्साइडचे चार थेंब घालून विरघळते. तापमान त्याच्या फार वर गेले की द्रावण बिघडते. हे काम फ्यूम हूडमध्येच करायचे, टेबलावर नाही. रात्रभर ४ अंशांवर ठेवून मेंदू ३० टक्के साखरेच्या द्रावणात टाकायचा आणि तो तळाला बसेपर्यंत थांबायचे. न थांबता गोठवला तर पेशींतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि कापावर जाळीसारखी भोके पडतात. मग क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठवलेली ऊती कापणाऱ्या यंत्रावर, ३० ते ४० मायक्रॉनचे काप. क्रायोस्टॅट नसेल तर व्हायब्रेटोमवर, म्हणजे थरथरत्या पात्याने न गोठवता कापणाऱ्या यंत्रावर, ५० मायक्रॉनचे. यातले एक तरी यंत्र नसताना लाखोंचा फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप, म्हणजे चमकणारे रंग दाखवणारा, घेतला, तर त्याखाली ठेवायचे काय?

मानवी मेंदूच्या ऊतीत, विशेषतः वयस्कांच्या, लिपोफसिन नावाचे पिवळसर द्रव्य साठलेले असते. ते सर्व रंगांत चमकते, आणि नवशिक्याला वाटते अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणारे द्रव्य, छान लागली आहे. ०.१ ते ०.३ टक्के सुदान ब्लॅक, ७० टक्के अल्कोहोलमध्ये, ही चमक बरीच दाबतो. प्राथमिक अँटीबॉडी न घालता ठेवलेला एक काप प्रत्येक तुकडीत असलाच पाहिजे, त्याशिवाय चित्रावर विश्वास ठेवू नये. अँटीबॉडीची पाठवणी हाही सोलापूरचा खास प्रश्न आहे. पुण्या-मुंबईहून कुरिअर निघते, शनिवार-रविवार गोदामात पडते, बर्फाच्या पिशव्या पाणी होऊन येतात. ऑर्डरमध्ये ‘पाठवणी सोमवार किंवा मंगळवारी, तापमान नोंदवणाऱ्या पट्टीसह’ ही अट घाला, आणि आल्या दिवशी १० मायक्रोलिटरचे छोटे भाग करून उणे २० अंशांना ठेवायला लावा. एकच कुपी वारंवार वितळवली-गोठवली की अँटीबॉडी मरते.

सगळ्याच कामाला फ्लुओरेसन्स लागतो असेही नाही. गॉल्जी-कॉक्स पद्धतीने मेंदू सुमारे दोन आठवडे अंधारात मर्क्युरिक क्लोराइड आणि क्रोमियमच्या क्षारांच्या द्रावणात ठेवला, तर थोड्या मज्जापेशी संपूर्ण काळ्या होऊन उठतात, फांद्यांसकट, काट्यांसकट. कॅमिलो गॉल्जींनी मूळ पद्धत १८७३ मध्ये प्रसिद्ध केली, सांतियागो रामोन इ काहाल यांनी तिच्यावर पुढचे काम उभे केले, आणि १९०६ चे नोबेल दोघांत विभागले गेले. साध्या उजेडाच्या चांगल्या मायक्रोस्कोपवर आजही हे काम प्रकाशनयोग्य होते. इथे अडचण येते ती वेगळीच. हे काप १०० ते २०० मायक्रॉनचे असतात, आणि १०० एक्स तेलाच्या ऑब्जेक्टिव्हचे कार्यांतर, म्हणजे लेन्सचे तोंड आणि काच यांच्यामधले अंतर, सहसा ०.१३ मिलिमीटरच्या आसपास. कापाच्या खालच्या बाजूला फोकस नेताना ऑब्जेक्टिव्ह काचेवर टेकते, काच तडकते, लेन्सला धक्का बसतो. निविदेत ॲपर्चरबरोबर कार्यांतरही मागा. पाऱ्याचा टाकाऊ द्रव बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचऱ्याच्या अधिकृत विल्हेवाटीला द्यायचा, त्याची सोय पद्धत सुरू करण्याआधी व्हावी.

मग कोणते यंत्र घ्यावे? समित्यांमध्ये कॉन्फोकल हा शब्द प्रतिष्ठेचा झाला आहे. कॉन्फोकल उत्तम यंत्र आहे. पिनहोल फोकसबाहेरचा प्रकाश अडवते, जाड कापातला एकेक थर वेगळा मिळतो. पण त्याला लेझर, स्कॅनर, नाजूक डिटेक्टर, वार्षिक देखभाल करार आणि पूर्णवेळ प्रशिक्षित माणूस लागतो. यातले एक नसले की ते यंत्र डेडस्टॉक रजिस्टरमध्ये एक नोंद होऊन बसते. टू-फोटॉनचे तर नावच आज काढू नये. १९९० मध्ये ही पद्धत आली आणि जिवंत प्राण्याच्या मेंदूत शेकडो मायक्रॉन खोल पाहणे शक्य झाले, हे खरे. पण त्याच्या लेझरला अंश-दोन अंशांतच हलणारी खोली, कंपरोधक टेबल आणि जिवंत प्राण्यांवरच्या शस्त्रक्रियेची मान्यताप्राप्त सोय लागते. ती पूर्वतयारी झाल्याशिवाय पैसे घालणे म्हणजे निधी वाया घालवणे आहे.

सोलापूरसाठी आमची शिफारस अशी: एक सरळ प्रकारचा (ऑब्जेक्टिव्ह वर, स्लाइड खाली), मोटराइज्ड फोकस आणि स्टेजचा, एलईडी फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप. ऑब्जेक्टिव्ह मोजकीच पण प्लॅन-अपोक्रोमॅट, म्हणजे कडेपर्यंत सपाट चित्र देणारी आणि रंगदोष काढलेली: १० एक्स, २० एक्स ०.८ ॲपर्चरचे, आणि ६० किंवा ६३ एक्स तेलाचे १.४ चे. मेंदूच्या कापांवरचे बहुतांश काम २० एक्सवर होते, तिथे काटकसर करू नका. स्वस्त, कमी दुरुस्तीच्या ॲक्रोमॅट प्रकारची सहा ऑब्जेक्टिव्ह मिळतात म्हणून हुरळून जाऊ नका. जोडीला एक क्रायोस्टॅट, एक फ्यूम हूड, एक उणे २० चा फ्रीझर. कॉन्फोकल लागेल तेव्हा आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर देशभरच्या संस्थांतली उपकरणे शुल्क भरून राखून घेता येतात, आणि पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे. पक्क्या केलेल्या स्लाइड, आडव्या, फॉइलमध्ये गुंडाळून, थंड पण न गोठवता, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने नेता येतात. इथे नीट काप कापले आणि रंगवले, तर तिथले काम दिवसात होते. प्रवासखर्च आणि वापरशुल्क यांसाठी वेगळे लेखाशीर्ष ठेवा.

कॅमेऱ्याच्या ओळीवर सर्वात जास्त फसगत होते. ‘२० मेगापिक्सेल रंगीत’ हे वाचायला छान वाटते. रंगीत सेन्सरमध्ये दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. मंद लाल प्रकाश मोजायला चारातला एकच पिक्सेल उरतो. फ्लुओरेसन्सला एकरंगी एससीएमओएस कॅमेरा, म्हणजे मंद प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचा, हवा, रंग फिल्टरने वेगळे काढायचे असतात. ६.५ मायक्रॉनच्या पिक्सेलचा कॅमेरा ६० एक्सवर दर पिक्सेलला कापाचा ०.१०८ मायक्रॉनचा भाग टिपतो, तो स्पाइनला पुरतो. २० एक्सवर तोच ०.३२५ होतो, त्यावर स्पाइन मोजायला जाऊ नये. आणि कॅमेऱ्याबरोबर ०.५ एक्सचा ॲडॉप्टर आला तर हे सगळे आकडे दुप्पट बिघडतात. माहितीपत्रकात ॲडॉप्टरची ओळ सर्वात खाली, बारीक अक्षरात असते.

सेटिंगच्या चुका समितीच्या कक्षेत येत नाहीत, पण प्रशिक्षणाची अट तुम्हीच घालता म्हणून दोन सांगतो. पहिली, चित्र उजळ दिसावे म्हणून एक्सपोजर वाढवत नेणे. १२ बिटच्या चित्रात ४०९५ च्या पुढे मोजमापच नाही. तिथे पोचलेल्या पिक्सेलमध्ये किती प्रथिन होते हे कायमचे हरवते. संपृक्त पिक्सेल लाल दाखवणारा रंगतक्ता चालू ठेवूनच एक्सपोजर ठरवायचे, आणि मग तुलनेच्या सर्व स्लाइडना तेच ठेवायचे. दुसरी, एका रंगाचा प्रकाश दुसऱ्या चॅनेलमध्ये येणे. कच्च्या रंगाची चादर पहिल्याच धुण्यात पांढऱ्या पट्ट्यावर उतरते, तसा हिरवा रंग लाल चॅनेलमध्ये उतरतो, आणि ‘दोन प्रथिने एकाच जागी आहेत’ असा निष्कर्ष निघतो. एकच रंग लावलेली स्लाइड प्रत्येक चॅनेलमध्ये पाहिल्याशिवाय असा दावा करू नये.

विदा साठवणुकीचा हिशेब निविदेच्या आधी करा. २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलचे १६ बिटचे एक चित्र ८.४ मेगाबाइटचे. चार रंग आणि खोलीचे ५० थर घेतले की एका जागेचे १.७ गिगाबाइट. अख्ख्या कापाचे शंभर तुकडे जोडले तर १७० च्या घरात. यंत्राबरोबर येणारा एक टेराबाइटचा संगणक अशा सहाव्या स्लाइडला भरतो. मग विद्यार्थी चित्रे जेपेगमध्ये करून पेन ड्राइव्हवर नेतात. जेपेगमध्ये मोजमाप बिघडते, पेन ड्राइव्हने व्हायरस येतो, आणि संगणक फॉरमॅट करताना कॅलिब्रेशन जाते. नेटवर्कवरचे दोन प्रतींचे साठवण हवे. कंपनीच्या स्वतःच्या फाइल-स्वरूपात सर्व सेटिंग नोंदलेली असतात, त्या मूळ फाइल जपायला लावा, आणि त्या फिजी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडतात हे प्रात्यक्षिकात बघूनच सही करा.

आता कराराच्या अटी. वॉरंटी माल पोचल्यापासून नव्हे, यशस्वी स्वीकृती चाचणीपासून सुरू व्हावी. खोली तयार नसल्याने खोके सहा महिने व्हरांड्यात पडून राहतात, आणि वॉरंटी तिथेच संपत येते. देखभाल कराराचा पुढच्या पाच वर्षांचा दर निविदेतच बंद लिफाफ्यात घ्या आणि एकूण किमतीत मिळवूनच सर्वात कमी दर ठरवा. एरवी स्वस्त दिसणारे यंत्र दुसऱ्याच वर्षी महाग पडते. तक्रारीनंतर इंजिनिअर सोलापुरात किती तासांत येईल, हे आकड्यात लिहा. दहा वर्षे सुटे भाग मिळतील, हे लिहून घ्या. प्रशिक्षण दोनदा: बसवताना आणि तीन महिन्यांनी. पहिल्या वेळी कोणालाच प्रश्न पडलेले नसतात.

स्वीकृती चाचणी कंपनीच्या दाखवण्याच्या स्लाइडवर करू नका. ती स्लाइड कुठल्याही यंत्रावर सुंदरच दिसते. ०.१ मायक्रॉनचे चमकणारे मणी १.५ क्रमांकाच्या काचेखाली बसवा, तेलाच्या ऑब्जेक्टिव्हने थराथराने चित्रे घ्या. मण्याच्या उजळीच्या आलेखाची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.२५ मायक्रॉनच्या आत यावी, आणि फोकसच्या वर व खाली तो सारखाच पसरावा. एका बाजूला शेपटी दिसली तर ऑब्जेक्टिव्ह परत करा. चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या स्लाइडचे चित्र घेऊन मध्य आणि कोपरे यांची उजळी ताडा. अनेक रंगांत चमकणाऱ्या मण्यांनी रंग एकमेकांवर बसतात का ते पाहा. स्टेज मायक्रोमीटरने प्रत्येक ऑब्जेक्टिव्हचे प्रमाण तपासून भिंतीवर तक्ता लावा. कॉन्फोकल असेल तर आयएसओ २१०७३:२०१९ या मानकाप्रमाणे माहिती मागता येते. शेवटची चाचणी मे महिन्यातल्या दुपारी: मणी फोकसमध्ये ठेवून तासभर दर मिनिटाला एक चित्र. यंत्र मार्चमध्ये बसले तर रकमेचा शेवटचा हप्ता या चाचणीपर्यंत राखून ठेवा.

राहिला माणूस. ११ महिन्यांच्या कंत्राटावर घेतलेला तंत्रज्ञ आठव्या महिन्यात कुठे तरबेज होतो आणि अकराव्याला जातो. त्याच्याबरोबर यंत्राची सगळी जाण जाते. मग विभागप्रमुख नाइलाजाने खोलीला कुलूप लावतात. ते कुलूप आम्ही समजू शकतो, पण त्यामागे विद्यार्थ्यांची वर्षे अडकलेली असतात. नियमित वेतनश्रेणीतले एक तांत्रिक पद मंजूर करून घेतल्याशिवाय इमेजिंग यंत्राचा प्रस्ताव पुढे पाठवू नये, असा ठराव समितीने करावा. त्या पदाच्या कामात लॉगबुक, दर महिन्याची मण्यांची चाचणी, ऑब्जेक्टिव्हची तपासणी आणि नव्या वापरकर्त्याला परवानगी देण्याआधीची परीक्षा हे लेखी असावे.

शहरातल्या प्रत्येक संस्थेने वेगळे यंत्र घेण्याऐवजी एकत्र येऊन एक सामायिक केंद्र करावे, असेही आम्हाला कळकळीने सुचवायचे आहे. मेंदूच्या ऊती वैद्यकीय महाविद्यालयाजवळ, प्राणिगृहाची नोंदणी एखाद्याकडे, रसायनशास्त्राचे मनुष्यबळ दुसऱ्याकडे, आणि प्रत्येकाचे मायक्रोस्कोप दिवसातून दोन तास चालणारे. एक चांगले यंत्र, दोन तंत्रज्ञ, ऑनलाइन आरक्षण, आणि देखभाल करार निघेल इतके वापरशुल्क. प्राण्यांच्या प्रयोगांना संस्थेच्या प्राणी नैतिक समितीची आणि मानवी ऊतींना मानवी नैतिक समितीची मान्यता आधी लागते, तीही अशा केंद्रात एकाच ठिकाणी पडताळता येईल.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे पत्र घ्यावे आणि कोटेशन मागवण्याआधी जागेची पाहणी ठेवावी. व्होल्टमीटर, तापमान-आर्द्रता नोंदवणारे यंत्र आणि मण्यांची स्लाइड घेऊन आम्ही त्या पाहणीला येऊ. तांत्रिक तपशिलांचा मसुदा लिहून देण्याचीही आमची तयारी आहे, त्यासाठी मानधन नको.

आपले,
सोलापुरातील मज्जासंस्थेच्या ऊतींवर काम करणारे संशोधक आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ